शिकलेले बाबाही अफवेला का फसतात?

प्रश्न: माझे वडील निवृत्त शिक्षक. तरी ‘मुलं पळवणारी टोळी आलीय’ असले मेसेज खरे मानून सगळ्यांना पाठवतात. काय करू?
– एक लेक, नाशिक

उत्तर: ताई, हा अडाणीपणा नव्हे. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर पडली की खरी वाटू लागते. १९७७ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगातून दाखवलं. त्यात नातवंडांची काळजी मिसळली की बोट आपसूक ‘फॉरवर्ड’वर जातं.

चारचौघांत त्यांना खोटं पाडू नका. शेजारी बसून विचारा, “बाबा, हे कुठल्या पोलीस ठाण्यानं सांगितलंय?” मग दोघं मिळून फोन लावा.

मात्र खात्रीशिवाय मेसेज पुढे जाऊ देऊ नका. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेनं ५ निरपराधांचा जीव घेतला. बाबांची काळजी खरी आहे. तिला पडताळणीची सवय जोडा.