किटची तपासणी फॉल-इनमध्येच

गेल्या जूनमध्ये सुट्टीत मी बाबांकडे लखनौला होतो. जवळच दशहरी आंब्यासाठी प्रसिद्ध असलेले मलिहाबाद आहे. तिथे बाबांच्या ओळखीच्या एका चाचांची आमराई आहे. त्यांना मी एलिक्सिर या फंक्शनल भाषेत पेट्यांची नोंद ठेवून बिल काढणारा प्रोग्राम करून दिला. बिलाचा नमुना वेगळ्या फाइलमध्ये होता.

चाचांच्या संगणकावर प्रोग्राम सकाळी नीट सुरू झाला. दिवसभर नोंदी झाल्या. संध्याकाळी ट्रक भरून उभा होता. बिल काढायला गेलो, तर फाइल सापडत नाही म्हणून प्रोग्राम बंद! नोंदी फक्त मेमरीत होत्या, त्याही गेल्या. चाचा एवढेच म्हणाले, "बेटा, सुबह ही बता देता!"

चुका माझ्याच होत्या, आणि त्या दोन होत्या.

पहिली चूक फाइलच्या पत्त्याची. मी दिलेला पत्ता, प्रोग्राम ज्या फोल्डरमधून सुरू करू त्यावर अवलंबून होता. एलिक्सिरमध्ये अशा फाइलींसाठी 'प्रिव्ह' नावाचा फोल्डर असतो. तो प्रोग्रामबरोबरच बांधला जातो. त्याची जागा अ‍ॅप्लिकेशनच्या नावावरून विचारावी, म्हणजे प्रोग्राम कुठूनही सुरू केला तरी फाइल सापडते. रोज बदलणारे भाव मात्र तिथे ठेवू नयेत. नव्या आवृत्तीबरोबर तो फोल्डरही नवा येतो.

दुसरी चूक वेळेची. फाइल मी गरज पडल्यावर वाचत होतो. अ‍ॅप्लिकेशन सुरू होताना प्रथम 'स्टार्ट' फंक्शन चालते. फाइल तिथेच वाचावी आणि ती नसेल तर त्रुटी परत करावी. मग अ‍ॅप्लिकेशन सुरूच होत नाही. ही शिस्त एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी तयार झालेल्या अर्लांग भाषेकडून आली आहे.

याचा आणखी एक फायदा आहे. बिलाच्या फंक्शनला नमुना आणि नोंदी बाहेरून मिळतात. ते फाइलला हातच लावत नाही, त्यामुळे त्याची चाचणी फाइलशिवाय घेता येते.

रूट मार्चला निघताना उस्ताद पाण्याची बाटली फॉल-इनमध्येच तपासतात, दहाव्या किलोमीटरवर नाही. प्रोग्रामचेही तसेच आहे.

करून पाहा : आपल्या प्रोग्रामची एक फाइल मुद्दाम हलवा आणि तो सुरू करा. तक्रार पहिल्याच क्षणी आली, तर तुमचा प्रोग्राम तपासणीत पास!