कार्टेल म्हणजे काय, आणि काय नव्हे

वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर ‘कार्टेल’, ‘कार्टेलायझेशन’ हे शब्द वारंवार येतात. सिमेंट महागले, औषध महागले, टेंडर एकाच गटाला मिळत गेले, की हा शब्द लगेच वापरला जातो. खातेदारांनी त्याचा नेमका अर्थ समजून घ्यावा, कारण कार्टेलचा भार शेवटी आपल्याच बचतीवर पडतो.

शब्दाचे मूळ

या शब्दाचे मूळ ‘कागद’ या अर्थाच्या इटालियन शब्दात आहे. पूर्वी युरोपात युद्धकैद्यांच्या अदलाबदलीसाठी दोन शत्रू जो लेखी करार करत, त्याला कार्टेल म्हणत. पुढे बाजारातील प्रतिस्पर्ध्यांच्या समझोत्यालाही हेच नाव पडले. गंमत अशी, की शब्द कागदावरून आला. पण आजचे कार्टेल शक्यतो कागदच मागे ठेवत नाही.

मराठीत ‘संगनमत’ आणि ‘साटेलोटे’ हे जवळचे शब्द आहेत. लिलावात व्यापाऱ्यांनी किंवा टेंडरमध्ये ठेकेदारांनी ‘रिंग केली’ असेही आपण म्हणतो. मात्र संगनमत कोणाचेही असू शकते, तर साटेलोटे म्हणजे एकमेकांची सोय पाहणे. कार्टेलमध्ये एकच माल विकणारे किंवा एकच सेवा देणारे प्रतिस्पर्धी एकत्र येतात. त्या दृष्टीने ‘रिंग’ हा त्याला सर्वांत जवळचा शब्द.

कायदा काय म्हणतो

स्पर्धा कायदा, २००२ नुसार उत्पादक, विक्रेते, वितरक, व्यापारी किंवा सेवा देणारे यांनी आपसांत करार करून उत्पादन, वितरण, विक्री किंवा किंमत यांवर नियंत्रण आणले, तर ते कार्टेल होते. तसा नुसता प्रयत्न केला तरीही ते कार्टेलच. करार लेखी असलाच पाहिजे असे नाही; तोंडी समझोताही करारच धरला जातो.

एक साधे उदाहरण घेऊ. रस्त्याच्या दोन बाजूंना दोन चहावाले आहेत. साखर आणि दूध महागले म्हणून एकाने १० रुपयांचा चहा १२ रुपये केला. त्याची पाटी पाहून दुसऱ्यानेही भाव वाढवला. हे कार्टेल नाही. पण दोघांनी रात्री बसून ठरवले, की सोमवारपासून दोघेही १५ रुपयेच घ्यायचे, कोणी कमी करायचे नाही, तर ते कार्टेल. म्हणजे सारखा भाव हा फार तर संशय घेण्याचे कारण ठरतो. गुन्हा आहे तो भाव मिळून ठरवण्यात.

घरातले उदाहरण

भिंतीवरचे घड्याळ, टीव्हीचा रिमोट आणि टॉर्च यांत आपण जे सेल घालतो, त्यांच्याबाबत भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये आदेश दिला. एव्हरेडी, पॅनासोनिक आणि निप्पो ब्रँडची इंडो नॅशनल या तीन कंपन्यांनी मिळून भाव ठरवले, असा आयोगाचा निष्कर्ष होता. एव्हरेडीला सुमारे १७१ कोटी आणि इंडो नॅशनलला सुमारे ४२ कोटी रुपये दंड झाला. पॅनासोनिकचा दंड पूर्ण माफ झाला, कारण आयोगाकडे जाऊन सर्वांत आधी माहिती तिनेच दिली होती. कायद्यातच अशी सवलत ठेवली आहे. कागद मागे राहत नसेल, तर आतल्याच कोणाला तरी बोलते करावे लागते.

दंडाची कमाल मर्यादाही मोठी आहे. करार जितकी वर्षे चालला, त्यातील प्रत्येक वर्षासाठी नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिथपर्यंत दंड होऊ शकतो. आदेशाविरुद्ध अपील करता येते; त्यामुळे ‘दंड ठोठावला’ ही बातमी म्हणजे शेवटचा निकाल असे समजू नये.

आपल्या खिशाचा हिशेब

एका सेलमागे रुपया-दोन रुपये गेले तर जाणवत नाही. मोठ्या खरेदीत मात्र फरक दिसतो. समजा, घर बांधायला सिमेंटची ४०० पोती लागली आणि संगनमतामुळे पोत्यामागे ३० रुपये जास्त मोजावे लागले, तर १२,००० रुपये जादा गेले. दरमहा १,००० रुपयांच्या रिकरिंग ठेवीत आपण वर्षभरात एवढीच रक्कम भरतो. घर कर्जावर बांधले असेल, तर या जादा रकमेवर व्याजही भरावे लागते.

बँकांचे दर सारखे का?

खातेदार नेहमी विचारतात, की बहुतेक बँकांचे व्याजदर जवळजवळ सारखे असतात, मग हे कार्टेल नव्हे का? पूर्वी बचत खात्याचा दर रिझर्व्ह बँकच ठरवत असे, म्हणून तो सगळीकडे सारखा होता. २५ ऑक्टोबर २०११ पासून हा दर ठरवण्याची मोकळीक बँकांना मिळाली. पीपीएफ, सुकन्या समृद्धी यांचे दर सरकार जाहीर करते. नियामकाने किंवा सरकारने ठरवलेला दर हा नियम असतो, कार्टेल नव्हे. रेपो दर बदलल्यावर अनेक बँकांनी आपापले दर बदलणे हेही चहाच्या पाटीसारखेच. तरीही बचत खाते, मुदत ठेव आणि सेवाशुल्क यांत बँकाबँकांत फरक असतोच. दर सारखेच असतील असे गृहीत धरून चौकशी न करणे, यात नुकसान आपलेच.

काय करावे

१. मोठ्या खरेदीपूर्वी किमान तीन ठिकाणी भाव विचारा आणि तो लेखी घ्या.

२. सर्वांचा भाव एकाच दिवशी, एकाच रकमेने, कारण नसताना वाढला तर तारीख, बिल आणि संदेश जपून ठेवा.

३. संगनमताची माहिती कोणीही नागरिक नवी दिल्लीच्या स्पर्धा आयोगाला देऊ शकतो. सर्वसाधारणपणे ती ३ वर्षांच्या आत द्यावी लागते.

४. फक्त आपल्याच बिलाची किंवा वस्तूची तक्रार असेल, तर ती ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा. बँकेच्या सेवेबद्दल आधी बँकेकडे तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

लक्षात ठेवा: भाव सारखा दिसला तर आधी चौकशी करा. तो मिळून ठरवल्याची खूण सापडली, तरच त्याला कार्टेल म्हणा. आणि मग मात्र गप्प बसू नका.