दारातल्या डब्यात काकडी

अंगण नाही म्हणून काकडी अडत नाही. भंडारा जिल्ह्यात पाऊस लागला की आम्ही ती दारातल्या डब्यात लावतो. 15 लिटरचा तेलाचा डबा घ्यावा. कीटकनाशकाचा किंवा रंगाचा डबा कधीच नको. बुडाला चार-पाच भोके पाडावीत, नाहीतर मुळे कुजतात. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग राईस मिलमधले धानाचे तूस मिसळावे. दोन बिया पेरून जोमदार रोप तेवढे ठेवावे. दिवसाला सहा तास ऊन मिळावे. वेल दोरीने बांबूवर चढवावा.

पहिली फुले गळाली तर घाबरू नये. ती बहुधा नर असतात. मादी फुलामागे इवली काकडी दिसते. मधमाश्या नसतील तर सकाळी नर फुलाचे पराग तिच्यावर लावावेत.

माती सुकली की काकडी कडू होते. फार कडू असेल तर टाकून द्यावी. नालीचे पाणी घालू नये. काकडी आपण कच्ची खातो, त्यातून जंत आणि हगवण घरात येते. डब्याखाली पाणी साचले तर डेंग्यूचे डास होतात.

साधारण 50 दिवसांत काकडी येते. कोवळी असतानाच तोडावी, धुवावी आणि आधी मुलांच्या ताटात वाढावी.