डोहातल्या साती आसरा

अंजनगाव सुर्जीच्या मुलखात शहानूर नदी वाहते. ती मेळघाटच्या डोंगरातून खाली येते. पावसाळ्यात तिला मोठा लोंढा येतो. उन्हाळ्यात पात्रात वाळू आणि गोटे उघडे पडतात. पण नदी जिथे वळते, तिथे पुराचे पाणी काठाला धडका देते आणि तळ खरवडून नेते. तिथे खोल खड्डा पडतो. वरची धार आटली तरी त्यात पाणी राहते. यालाच आपण डोह म्हणतो.

वऱ्हाडात डोहाच्या नाहीतर विहिरीच्या काठी तुम्ही सात दगड पाहिले असतील. त्यांना शेंदूर लावलेला असतो. जवळ हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, कधी दहीभात. या साती आसरा. आसरा म्हणजे अप्सरा. या सात बहिणी पाण्यात राहतात, असे लोक मानतात. त्यांची नावेही सांगतात. मत्सी म्हणजे मासोळी, कूर्मी म्हणजे कासवी, कर्कटी म्हणजे खेकडी, दर्दुरी म्हणजे बेडकी, मकरी म्हणजे मगर. ज्याने ही नावे ठेवली, त्याने पाण्यातले जीव नीट पाहिले होते, यात शंका नाही.

म्हातारी माणसे पोरांना बजावतात, "भर दुपारी डोहावर जाऊ नोको रे पोट्ट्या, आसरा ओढून नेतीन!"

पण आसरा नुसत्या नेत नाहीत, देतातही. पूर्वी लग्नकार्याला भांडी कमी पडली की घरधनी डोहावर जाई. हळदकुंकू वाहून मागणे करी. सकाळी काठावर भांडी मांडलेली दिसत. कार्य उरकले की घासूनपुसून ती परत पाण्यात सोडायची. एकदा कोणाला तरी लोभ सुटला. त्याने एक भांडे घरातच ठेवले. तेव्हापासून डोहाने देणे बंद केले. महाराष्ट्रात ही गोष्ट कितीतरी गावांत सांगतात, आणि प्रत्येक गाव म्हणते, "ते आमच्याच डोहात झालं." ज्या घरी दोनच भांडी, त्याला व्याज न मागता देणारे कोणी हवे असणारच!

दूर जपान देशातही असाच एक पाण्यातला प्राणी सांगतात. त्याचे नाव कप्पा. तो लहान मुलाएवढा असतो. डोक्यावर खळगा आणि खळग्यात पाणी. ते पाणी सांडले की त्याची शक्ती जाते. म्हणून त्याला वाकून नमस्कार करावा. तोही उलट वाकतो आणि पाणी सांडून बसतो! धोक्याच्या तळ्याकाठी पोरांनी जाऊ नये म्हणून तिथे फलकावर कप्पाचे चित्र काढतात. आपली आजी जे तोंडाने सांगते, तेच हे.

मग डोहात माणूस बुडतो तो कशाने? काठाजवळ पाणी गुडघाभर असते. एक पाऊल पुढे टाकले की तळ एकदम तुटतो. वरचे पाणी कोमट, खालचे गार. अंगाला एकदम गारवा लागला की दम कोंडतो. तळाच्या गाळात पाय रुततो. वाळू उपसलेले खड्डेही असेच फसवे. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, कारण तोंड पाण्याखाली असते. म्हणून काठावरच्याला वाटते, कोणीतरी गुपचूप ओढून नेले.

"आसरांनी तिसऱ्या दिवशी परत दिला," असे म्हणतात, त्याचेही कारण आहे. प्रेत आधी तळाशी जाते. पुढे पोटात वायू धरतो आणि ते फुगून वर येते. उन्हाळ्यात याला दोन-तीन दिवस लागतात.

पाण्यातली एक बाधा मात्र खरी होती. ती नारूची. लोक पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरत. नारू झालेल्याचा पाय पाण्यात बुडाला की त्यातून किड्याची पिले पाण्यात जात. डोळ्याला जेमतेम दिसणारा एक पाणजीव ती गिळी. तेच पाणी दुसरा पीत असे, आणि वर्षभराने त्याच्या पायातून हातभर लांब दोरा बाहेर येई. पाणी गाळून पिणे आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, या उपायांनी तो हटला. 1996 साली भारतात शेवटचा रोगी आढळला. 2000 साली देश नारूमुक्त ठरला.

बाळंतिणीला ताप आला की अजूनही कोणी म्हणते, "आसरा लागल्या असतीन." ओटी नंतरही भरता येते. बाळंतिणीचा ताप थांबत नाही. तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

आणि कोणी बुडताना दिसला तर? कुठे कुठे लोक म्हणतात, "आसरांनी धरला, हात लावू नोका." असे थांबू नये. मेंदूला चार-पाच मिनिटे हवा मिळाली नाही तर इजा होते. पण पोहता येत नसेल तर उडीही टाकू नये. बांबू, दोर, लुगडे, धोतर, रिकामा डबा, जे हाती लागेल ते फेकावे. बाहेर काढल्यावर उलटे टांगू नये, पोट दाबू नये. श्वास चालत नसेल तर उताणे निजवून, नाक दाबून, तोंडाने पाच वेळा हवा भरावी. मग छातीच्या मध्यावर तळहाताने जोराने 30 वेळा दाबावे, दोनदा हवा भरावी, पुन्हा दाबावे. दुसऱ्याने 108 ला फोन करून गाडी बोलवावी. माणूस उठून बसला तरी त्याला दवाखान्यात न्यावेच. फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनीही त्रास देते.