निर्माल्य, विसर्जन आणि वातावरण : उपनगरांतील उत्सवांचा नवा धडा

गणेशचतुर्थीस घरोघरी जी मूर्ती पूजिली जाते तिला ‘पार्थिव’ अशी संज्ञा आहे. पार्थिव म्हणजे पृथ्वीपासून, अर्थात मातीपासून घडलेली. प्राणप्रतिष्ठेने त्या मातीत देवत्वाचे आवाहन करावयाचे आणि उत्तरपूजेनंतर तिचे जलात विसर्जन करून माती मातीस मिळवावयाची, असा या व्रताचा क्रम आहे. निर्माल्यामागेही असाच भाव आहे. देवावरून उतरविलेले फूल कोणाच्या पायदळी येऊ नये म्हणून ते वाहत्या पाण्यात सोडण्याची रूढी पडली. गावची नदी वाहती होती आणि फुले ओंजळभर होती, तोवर या रूढीत काही उणे नव्हते.

मुंबईच्या उपनगरांत मात्र हे सारेच पालटले. शाडूच्या जागी प्लॅस्टर ऑफ पॅरिस आले. जिप्सम नावाचे खनिज भाजून हे चूर्ण करतात. पाणी मिळताच ते पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बनते, म्हणूनच त्याची मूर्ती विरघळत नाही. विसर्जनानंतरच्या ओहोटीला किनाऱ्यावर उघडे पडलेले भग्न अवशेष पाहून ज्याचे मन कष्टी झाले नाही असा भाविक विरळा. ओंजळभर फुलांच्या जागी हारांचे ढीग आले आणि त्यांत प्लॅस्टिकच्या पिशव्या व थर्माकोलही मिसळले.

फुलांचा आणि हवामानाचा संबंध काय, असा प्रश्न अनेकांना पडतो. तलावात कुजणारी फुले पाण्यातील प्राणवायू ओढून घेतात व त्याचा फटका माशांना बसतो. तीच फुले कचराभूमीवर ढिगाखाली दडपली गेली, तर हवेविना कुजतात आणि त्यांतून मिथेन वायू निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवितो. उलट, हवा खेळती ठेवून कुजविलेल्या फुलांचे उत्तम खत होते व मिथेन अत्यल्प निर्माण होतो. कचराभूमीची झळ पूर्व उपनगरांनी दीर्घकाळ सोसली आहे. मुलुंडची कचराभूमी २०१८ साली बंद झाली. देवनारला जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग काही दिवस धुमसत होती आणि तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही उमटला होता.

विसर्जनस्थळी ठेवले जाणारे निर्माल्य कलश हा यावरील साधा उपाय होय. डॉ. नानासाहेब धर्माधिकारी प्रतिष्ठानचे श्रीसदस्य विसर्जनाच्या वेळी निर्माल्य गोळा करून त्याचे खत करतात. या सेवेत उपदेश कमी आणि हातांचे काम अधिक असते. बहुधा म्हणूनच तिचा परिणाम होत असावा. फुले हाती घेणारा मनुष्य समोर उभा असला, की ती पाण्यात भिरकावण्यास भाविकाचा हात धजत नाही.

मूर्तींचा प्रश्न याहून नाजूक ठरला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली प्लॅस्टरच्या मूर्तींविरुद्ध सुधारित मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, तरी अंमलबजावणी लांबत गेली. अखेर ३० जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कठोर पालनाचा आदेश दिला. माघी गणेशजयंती अवघ्या दोन दिवसांवर होती आणि मूर्ती मंडपांत पोहोचल्या होत्या. कांदिवली-चारकोप परिसरातील काही मोठ्या मूर्तींचे समुद्रात विसर्जन होऊ शकले नाही व त्या महिनोन्‌महिने झाकून ठेवाव्या लागल्या. निरोप दिलेला देव असा खोळंबून राहावा, याचे भक्तांना वाटलेले दुःख खरे होते. त्यास केवळ हट्ट म्हणणे अन्यायाचे होईल. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने मार्च २०२६ पर्यंतच्या उत्सवांसाठी तोडगा दिला. सहा फुटांपर्यंतच्या प्लॅस्टरच्या मूर्ती कृत्रिम तलावांतच विसर्जित कराव्यात आणि त्याहून उंच मूर्तींना अन्य पर्याय नसल्यास नैसर्गिक जलाशयात परवानगी असावी, असे ठरले. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात महानगरपालिकेने मुंबईत सुमारे २९० कृत्रिम तलाव उभारले.

आदेशाविना, केवळ लोकांच्या एकत्र येण्याने काय घडू शकते, याचे उदाहरण अंधेरीतील वर्सोवा किनाऱ्यावर आढळते. वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये एका वृद्ध शेजाऱ्यासह तेथील कचरा उचलण्यास आरंभ केला. पुढे दर आठवड्यास लोक जमू लागले. त्यांत कोळी बांधव होते, शाळकरी मुले होती, सुशिक्षित नोकरदारही होते. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने शाह यांचा गौरव केला. मार्च २०१८ मध्ये याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली.

तथापि, येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगणे आवश्यक आहे. मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई वातावरण कृती आराखड्यानुसार शहराच्या उष्मावायूंपैकी सुमारे ७२ टक्के वाटा वीज व इतर इंधनवापराचा, २० टक्के वाहतुकीचा आणि केवळ ८ टक्के कचऱ्याचा आहे. निर्माल्याचे खत केले म्हणून मुंबईचे तापमान उतरणार नाही. मंडपाची रोषणाई मर्यादित ठेवणे, एलईडी दिवे वापरणे, दर्शनास खासगी मोटारीऐवजी लोकलने येणे यांचेही मोल तितकेच आहे. परंतु विजेच्या बचतीसाठी लाखो माणसे एकाच दिवशी घराबाहेर पडत नाहीत, विसर्जनासाठी पडतात. हेच उत्सवाचे बळ होय. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, हे उपनगरवासीय विसरलेले नाहीत. एखाद्या पावसाचे खापर केवळ तापमानवाढीवर फोडता येत नाही. मात्र हवा एक अंश तापली, की तिची बाष्पधारणक्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते आणि अतिवृष्टीची शक्यताही बळावते.

भाविकांनी निर्माल्य कलशात अर्पण करण्यापूर्वी हारांतील दोरा, जर, प्लॅस्टिकचे मणी व टाचण्या काढून घ्याव्यात. नारळ व फळे निराळी द्यावीत, म्हणजे ती प्रसाद म्हणून वाटता येतात. घरगुती शाडूची मूर्ती बादलीत विसर्जित केल्यास ती माती व पाणी तुळशीस अथवा बागेतील झाडांस घालावे.