दुकानाची फळी आणि कायदा

ज्या व्यापारात माल शेवटच्या गिऱ्हाइकाच्या हाती पडतो तो किरकोळ व्यापार, अशी व्याख्या आम्ही वर्गात सांगतो. व्याख्या बरोबर आहे. तथापि तिच्यावरून महाड अगर पोलादपूर येथील दुकानदाराची ओळख पटत नाही. सकाळी फळ्या उघडल्यापासून रात्री गल्ला मोजीपर्यंत ह्या मनुष्यास किती कायद्यांशी गाठ घालावी लागते, ह्याची कल्पना त्याच्या स्वतःच्या मुलांनाही क्वचितच असते. म्हणून ह्या विषयाचा थोडासा अभ्यास येथे करू.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, दुकान मालकाच्या खासगी मालकीचे असले तरी ते केवळ खासगी नव्हे. हा धडा आमच्या महाडासच फार कटू रीतीने मिळाला आहे. ता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य बंधूंनी चवदार तळ्याचे पाणी घेतले, हे प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. परंतु त्याच वर्षी डिसेंबरात भरलेल्या परिषदेच्या वेळी महाडच्या व्यापाऱ्यांनी परिषदेच्या मंडळींशी व्यवहार करण्याचेच नाकारले व त्यामुळे धान्यादी सामग्री बाहेरगावाहून आणावी लागली, ही गोष्ट थोड्यांनाच माहीत असते. तळे बंद आणि दुकानही बंद! पुढे १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी व तलाव ह्यांच्याबरोबर दुकानांचाही स्पष्ट नामनिर्देश झाला, आणि १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून माल विकण्याचे नाकारणे हा गुन्हा ठरला. दुकानावर सरकारने जितके नियम घातले त्यांत आमच्या मते हा सर्वांत श्रेष्ठ होय, आणि तो पाळण्यास दुकानदारास एक पैचाही खर्च येत नाही.

वजनमापांचा नियमही असाच हितकर आहे. सन १९५८ पासून शेर-मण जाऊन किलोग्रॅम आले, तेव्हा वृद्ध गिऱ्हाइकांनी पुष्कळ कुरकुर केली. पण गावोगावचा शेर निराळा असण्यात लबाडास जी सोय होती ती त्यामुळे गेली. खोट्या तराजूचा धिक्कार तर आमच्या पवित्र शास्त्रातील नीतिसूत्रांच्या पुस्तकातही आहे. अलीकडचा पाटीचा नियम मात्र पुष्कळ गाजला. २०२२ च्या दुरुस्तीने राज्यातील सर्व दुकानांच्या पाट्या देवनागरी लिपीत मराठीत असणे आवश्यक झाले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. जेथे मद्य विकले वा पाजले जाते त्या जागेस थोर पुरुषांचे अगर किल्ल्यांचे नाव देण्यासही त्याच दुरुस्तीने मनाई आहे. रायगड ज्या तालुक्यात आहे तेथील लोकांनी ह्याबद्दल समाधानच मानावे.

आता जरा कठीण भागाकडे वळू. ता. १ जुलै २०१७ पासून देशभर वस्तू व सेवा कर सुरू झाला. ह्याचे तत्त्व गणिताच्या विद्यार्थ्यास एका उदाहरणाने समजेल. एका दुकानदाराने दहा हजार रुपयांचा साबण घाऊक व्यापाऱ्याकडून घेतला. त्या वेळच्या १८ टक्के दराने त्याने त्यावर १,८०० रुपये कर दिला. तोच साबण त्याने अकरा हजारांस विकला व गिऱ्हाइकांकडून १,९८० रुपये कर घेतला. सरकारात त्याने १,९८० भरावयाचे नसून, आधी दिलेले १,८०० वजा करून केवळ १८० भरावयाचे असतात. म्हणजे त्याने जेवढी भर मूल्यात घातली तेवढ्यावरच कर पडला. ह्या वजावटीवर सर्व इमारत उभी आहे. ज्याची वार्षिक उलाढाल चाळीस लाखांच्या आत आहे अशा माल विकणाऱ्यास बहुधा नोंदणीच करावी लागत नाही. आणि दीड कोटीपर्यंत उलाढाल असणाऱ्या व्यापाऱ्यास उलाढालीवर एक टक्का कर भरून मोकळे होण्याची सवलत आहे. मात्र त्याने गिऱ्हाइकाकडून निराळा कर घेऊ नये व तशी पाटी दुकानात लावावी, असा दंडक आहे. विद्यार्थ्यांनी बाजारात गेल्यावर अशी पाटी अवश्य शोधावी.

कागदावर ही योजना सुबक दिसते. परंतु महाड हे सावित्री व गांधारी ह्या नद्यांच्या संगमाजवळ वसलेले गाव आहे. महाबळेश्वरावर पडलेला पाऊस पोलादपुरावरून सावित्रीने खाली येतो, आणि खालून भरतीचे पाणी चढत असेल तर पुरास वाट उरत नाही. ता. २२ व २३ जुलै २०२१ ह्या दोन दिवसांत बाजारपेठेतील दुकाने बुडाली. माल गेला, फर्निचर गेले, वह्याही गेल्या. राज्य सरकारने त्या वर्षी दुकानदारास नुकसानीच्या पाऊण हिश्शाइतके, परंतु पन्नास हजारांहून अधिक नाही, आणि टपरीवाल्यास दहा हजारांपर्यंत साहाय्य जाहीर केले. लाखांच्या मालापुढे ते किती पुरणार, हे सांगावयास नको.

येथेच कायद्याचे एक कलम आडवे येते. वरील उदाहरणातील साबण विकला न जाता पुरात वाहून गेला असे समजा. दहा हजारांचा माल तर गेलाच. परंतु कराच्या कायद्याचे सतरावे कलम म्हणते की हरवलेल्या, चोरीस गेलेल्या अगर नष्ट झालेल्या मालावर आधी दिलेल्या कराची वजावट मिळणार नाही. म्हणून ते १,८०० रुपयेही दुकानदाराने सोडावयाचे, आणि वजावट आधीच घेतली असेल तर परत भरावयाची. नदीने माल नेला व तिच्या मागून कायद्याने कर नेला. ह्यावर सरकारपक्षाचे म्हणणे असे असू शकेल की, माल पुढे विकलाच गेला नाही, तर मागचा कर वजा कशातून करावा? शिवाय पुराच्या नावाखाली लबाडी होण्याची भीती आहेच. ही भीती खोटी नाही. पण युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमावलीत, नाश योग्य पुराव्याने सिद्ध झाल्यास दुकानदाराची वजावट काढून घेऊ नये अशी तरतूद आहे. लबाडास अडविण्यासाठी तेथे पुरावा मागतात. आमच्या येथे पुरावा असूनही उपयोग नाही. ज्या तालुक्यात तहसीलदारांचे पंचनामे घरोघर, दुकानोदुकानी होतात, तेथे हा भेद आम्हांस न्यायाचा वाटत नाही, आणि व्यापारी संघांनी ह्याच एका मुद्द्यावर जोर धरावा असे आमचे मत आहे.

दुसरी अडचण हिशेबांची. वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून बहात्तर महिने, म्हणजे सहा वर्षे, वह्या जपून ठेवाव्यात असा नियम आहे. सखल पेठेतील तळमजल्यावर सहा वर्षांत किती पूर येतील! ह्यास उपाय मात्र हाती आहे. हिशेब संगणकात ठेवून त्याची प्रत अन्यत्र जपणे, निदान दर आठवड्यास बिलांची छायाचित्रे घेणे, हे काम दहावीचा मुलगा वा मुलगी वडिलांसाठी सहज करू शकेल. विमा उतरला असल्यास त्याची भरपाईही ह्याच कागदांवर मिळते.

मुलांना जवळचा वाटेल असा आणखी एक बदल सांगतो. ता. २२ सप्टेंबर २०२५ पासून कराचे दर उतरविण्यात आले. वह्या, पेन्सिली, खोडरबर, नकाशे ह्यांवरील कर संपूर्ण गेला. साबण, केसांचे तेल, बिस्किटे १८ वरून ५ टक्क्यांवर आली. पालकांस आनंद झाला, तो योग्यच. पण ज्याच्या दुकानात आदल्या दिवशी पन्नास हजारांच्या वह्या पडून होत्या, त्याने त्यांवर १२ टक्क्यांप्रमाणे सहा हजार कर आधीच दिलेला होता. वही करमुक्त होताच त्या शिल्लक मालावरील वजावट परत करणे भाग पडले. स्वस्त वहीच्या किमतीत त्या दुकानदाराचे सहा हजार मिसळले आहेत, हे गिऱ्हाइकास दिसत नाही.

ह्या सर्वांवर घरबसल्या माल मागविण्याची नवी रीत आली आहे. मोबाईलवर मागविलेला जिन्नस पोलादपूरच्या पलीकडील वाडीतही पोहोचू लागला आहे, आणि पेठेतल्या दुकानदाराजवळ त्याच्याशी झुंजण्यास उधारीची वही व ओळख एवढेच बळ आहे. तथापि ही वाट दोन्ही बाजूंनी चालते. ता. १ ऑक्टोबर २०२३ पासून, करनोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यासही केवळ नावनोंदणीचा क्रमांक घेऊन ह्या बाजारात आपल्या राज्यापुरता माल विकता येतो. त्यापूर्वी त्यास ते दार बंद होते. घरी आमसुले, नाचणीचे पापड वा फणसपोळी करून विकणाऱ्या आमच्या पालक भगिनींपैकी ज्यांना ह्याची माहिती हवी असेल त्यांनी कागदपत्रे घेऊन शाळेत यावे. अर्ज भरण्याचे काम वरच्या वर्गातील विद्यार्थी आमच्या देखरेखीखाली करतील.