सही उद्या, अर्ज आजच

हे गेले आणि पंधरवडाही उलटला नाही, तोच आमच्याच नात्यातले एक जण स्टॅम्पपेपर घेऊन ओट्यावर येऊन बसले. "वहिनी, सोसायटीचं कर्ज आहे. उद्या तुमच्या डोक्यावर बसेल. इथं सही करा अन् मोकळ्या व्हा." आवाजात माया होती. माझं डोकं इतकं बधिर झालेलं की त्या घडीला कोणी कशावरही सही मागितली असती तरी मी देऊन टाकली असती. आत चुलीजवळ बसलेल्या सासूबाई तिथूनच म्हणाल्या, "तुले वाचता येते ना माय? मंग आधी वाच."

वाचलं. ते हक्कसोडपत्र होतं. यांच्या वाट्याच्या जमिनीवरचा माझा हक्क मी राजीखुशीने सोडते आहे, असं त्यात लिहिलेलं होतं. "उद्या बघू," एवढंच बोलले. हात थरथरत होते, पण कागद परत केला.

सासूबाईंनी त्या दिवशी मला का अडवलं, ते पुढे कळलं. सासरे वारले तेव्हा त्या ऐन तारुण्यात होत्या. नावं पोरांचीच राहू दे, तुला काय करायची जमीन, असं घरच्यांनी सांगितलं आणि त्यांनी अंगठा दिला. मग सगळी हयात त्याच शेतात कापूस वेचला, केळीच्या बागेत राबल्या. सातबाऱ्यावर त्यांचं नाव कुठंच नव्हतं.

म्हणून बायांनो, माझं पहिलं सांगणं हेच आहे. दुःखात सही पुढे ढकला, पण अर्ज पुढे ढकलू नका. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. सह्या दशक्रियेच्या मांडवातच होतात आणि वारस नोंदीचा अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतो. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्यायची असते. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, सातबारा-आठअ आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र सोबत ठेवा. अर्ज ऑनलाइनही भरता येतो. तलाठी फेरफार धरतो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. अर्ज दिल्याची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.

कर्जाच्या भीतीचंही ऐका, कारण बायका तिथंच गारद होतात. मेलेल्या माणसाचं कर्ज वारसाला मिळालेल्या मालमत्तेपुरतंच वसूल होतं. त्याच्या पलीकडे तुमच्या स्वतःच्या कमाईला किंवा माहेरच्या सोन्याला कोणी हात लावू शकत नाही. आणि जमिनीचं हक्कसोडपत्र नोंदणी केल्याशिवाय पक्कं होत नाही. म्हणून तर बाईला घाईघाईने गाडीत घालून दुय्यम निबंधकांच्या कचेरीत नेतात. तिथला अधिकारी विचारतो, "हे तुम्हाला मान्य आहे का?" बरोबर आलेल्या माणसाकडे न बघता या प्रश्नाचं उत्तर द्या. मान्य नसेल तर तिथंच नाही म्हणा. तोवर काहीही हातचं गेलेलं नसतं.

आमचं गाव असोदा हे कवयित्री बहिणाबाईंचं माहेर. 1880 साली नागपंचमीला त्या इथं जन्मल्या, जळगावच्या चौधरींकडे दिल्या गेल्या आणि तिशीत विधवा झाल्या. मला समजवायला आलेल्या प्रत्येकाने त्यांचं नाव घेतलं. बघ, कसं सोसलं त्यांनी. मला हे पटत नाही. त्या काळी एकत्र कुटुंबातल्या, मुलं असलेल्या विधवेला कायद्याने अन्नवस्त्रापलीकडे फारसं काही मिळत नव्हतं. सोसण्यावाचून दुसरी वाट होती कुठं? लिहिता येत नसताना त्यांनी जे रचलं ते त्यांचे पुत्र सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी उतरवून घेतलं, म्हणून 1952 साली, त्या गेल्यावर, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ते पुस्तक होऊन आपल्या हाती आलं. त्यांचं नाव बाईला गप्प बसवायला वापरू नका. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याच्या मागे बायको, मुलगा, मुलगी आणि आई यांना सारखा वाटा दिला आहे, आणि बाईला मिळालेल्या जमिनीची ती पुरी मालकीण असते.

त्या कायद्यामुळेच आमच्या घरात एक गोष्ट घडली. मुलाची वारस म्हणून सासूबाईंचंही नाव सातबाऱ्यावर आलं, आयुष्यात पहिल्यांदा. पोटच्या पोराच्या मरणामुळे आलेलं नाव. मी उतारा वाचून दाखवला तेव्हा त्या रडल्या, आणि मग म्हणाल्या, "पुन्हा वाच."

मन सावरण्याचं म्हणाल, तर मला कामाने सावरलं, पण तेही हळूहळू. रात्री झोप लागत नव्हती, जेवण जात नव्हतं. दुखवट्यात असंच होतं असं सगळ्या म्हणत होत्या. शेजारच्या काकूंनी जबरदस्तीने दवाखान्यात नेलं, तर रक्तदाब वाढलेला निघाला. झोप-जेवण आठवडेच्या आठवडे तुटलं तर डॉक्टरांकडे जा, दुःखाच्या नावावर दुखणं खपवू नका.

मग हिवाळा आला. असोद्याकडची भरिताची वांगी हिवाळ्यात भाव खातात. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, साल काढायची, हिरव्या मिरच्या-लसूण घालून लाकडी मुसळीने ठेचायची, वरून कांद्याची पात. लग्नकार्यांसाठी भरीत करून देणाऱ्या बायांनी मला बोलावून घेतलं. धुराने डोळ्यांतून पाणी यायचं आणि कोणी काही विचारायचं नाही. त्या धुरातच मी मनभर रडून घेतलं. संध्याकाळी मजुरी हातात पडायची, ती कोणाला विचारून खर्च करावी लागत नव्हती.

कपाळावरच्या टिकलीवरून बोलणारे बोललेच. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसण्या-बांगड्या फोडण्याच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. हे मी बोलणाऱ्यांना सांगते. टिकली लावायची की नाही हे मात्र ज्या त्या बाईने ठरवावं. सासूबाई लावत नाहीत, मी लावते.

आणि एक. वारस नोंदीच्या अर्जात मुलीचं नाव लिहायला घेतलं की कोणीतरी म्हणेलच, "तिचं कशाला? ती तर लग्न होऊन जाईल." मलाही म्हणाले. मी पोराच्या नावाखाली पोरीचं पूर्ण नाव लिहिलं, वय लिहिलं आणि पोच घेऊन घरी आले.